बैलांचं भाडं वेगळं

१८ नोव्हेंबर १९३६, बुधवार

आज ठरलं. बिऱ्हाड वाशीमला हलवायचं. मी ठरवलं. बाकीचे नुसते भाकर मोडत बसले होते.

कारण लिहून ठेवतो, उद्या कोणी म्हणू नये की चंपतबुवाच्या डोक्यात वारं शिरलं. गावची शाळा चौथीपर्यंत. माझी नात कौतिका चौथी पास झाली, सगळ्या पोट्ट्यांना मागं टाकून. पुढची शाळा वाशीमला, आमच्या मळ्यापासून तीन कोस. तिथल्या मुलींच्या शाळेच्या हेडबाई सीताबाई. त्यांनी सांगितलं, दिवाळीनंतर आणली तरी बसवून घेते, पण कच्च्या नावानं. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी परीक्षा घेईन. तोवर खाडा नको. पास झाली तर नाव पक्कं, नाही तर पोरगी घरी न्या.

आणि घरी काय? घरी माझा पोरगा उत्तम. स्वतःच्या पोरीचा बाप, पण कान सासऱ्याच्या हातात. सासऱ्यानं किन्हीराजाचं स्थळ आणून ठेवलंय. पोरगं म्हणे बैलगाडी चांगली हाकतं. अरे, मग बैलालाच द्या पोरगी! उत्तम म्हणतो, बाबा, परीक्षेपर्यंत थांबतो, नापास झाली तर माघात सोयरीक पक्की. असं बोलताना त्याची नजर ताटात होती. डोळ्याला डोळा द्यायची हिंमत नाही.

मी शाळेची पायरी चढलो नाही. बाजारात मिठामिरचीच्या पुड्या सोडून त्यांचे कागद वाचत अक्षर शिकलो. म्हणून माझी नात मास्तरीण होणार. ज्याला पाहवत नसेल त्यानं तोंड फिरवावं.

२० नोव्हेंबर, शुक्रवार

वाशीमला घरं पाहिली. डोकं तापलं.

पहिली खोली तुळसाबाईची. विधवा बाई, सुईण आहे, शाळेच्या मागच्याच गल्लीत राहते. शाळेची घंटा खोलीत ऐकू येते. भाडं दीड रुपया. गिरजा, म्हणजे आमची घरवाली, लगेच पदर खोचून चूल कुठं मांडायची ते पाहायला लागली. मी विचारलं, बैल कुठं बांधायचे? तुळसाबाई म्हणाली, बैल कायले आणता? ही अक्कल! कर्ता माणूस बिऱ्हाड करणार आणि बैल वाऱ्यावर सोडणार? मी खोली नापास केली.

दुसरं घर नाक्याबाहेर, दौलतरावाचं. हा गृहस्थ कोर्टात बेलिफ होता, आता रिटायर. अंगण मोठं, कडुलिंबाची सावली, बैलांना फर्स्टक्लास. माणसांना एकच खोली आणि ती जराशी गळकी, पण हिवाळ्यात गळून गळून काय गळणार? शिवाय घर आमच्या गावाच्या बाजूला, म्हणजे मळा जवळ. शाळा गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे, पण चालल्यानं लेकरांचे पाय मजबूत होतात.

भाडं अडीच रुपये. मी म्हटलं, ठीक. मग तो म्हणतो, हे माणसांचं झालं, बैलांचं वेगळं. दर बैलाला आठ आणे. मी त्याला विचारलं, बैल काय तुझ्या खोलीत पाय पसरून निजणार आहेत? तर म्हणतो, शेण कोण काढणार? म्हणजे शेणही माझं, काढणारा मी, आणि पैसे याला. असल्या माणसाला सरकारनं इतकी वर्षं पगार दिला.

घर घेतलं. गिरजा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलली नाही. तिला पसंत पडलंय.

२२ नोव्हेंबर, रविवार

टाइमटेबल तयार केलं. कौतिकाच्या पाटीवर लिहिलं.

पहाटे बैल जुंपायचे. दिवस वर येईतो मळ्यात. दुपारपर्यंत मोट. भाकर. ऊन कललं की भाजी काढायची, गाडीत भरायची, दिवेलागणीला वाशीम. रात्री कौतिकाचा अभ्यास पाहायचा. सकाळी गिरजा भाजी बाजारात विकेल, मग पोरीला शाळेत सोडेल. उत्तम आणि सून मळ्यातच राहतील. आजवर उत्तम एक दिवसाआड पहाटे भाजी घेऊन वाशीमला जात होता आणि मधल्या दिवशी मोट चालवत होता. अर्धं काम. आता रोज मोट आणि रोज भाजी. दुप्पट फायदा. ही साधी गोष्ट आमच्या सात पिढ्यांत कोणाला सुचली नाही.

गिरजानं पाटी पाहून एवढंच विचारलं, बैल कधी निजतीन? बायकांना असलेच प्रश्न सुचतात.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

काल बिऱ्हाड आलं. आज कौतिकाचा शाळेचा पहिला दिवस. मी स्वतः सोडायला गेलो. नाका, बाजार, मग ती बोळ, मग पुन्हा बोळ. ही शाळा गावाच्या मधोमध बांधायला काय झालं होतं? ज्यानं जागा निवडली त्याला पोरीबाळी नसाव्यात. घंटा झाली तेव्हा आम्ही अजून बाजारात. सीताबाईंनी घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी त्यांना सांगितलं की तुमचं घड्याळ पुढं आहे. त्या म्हणाल्या, उद्यापासून लवकर निघा.

बाई हुशार आहे, पण चष्म्यातून बघते फार.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार

टाइमटेबल सुरू होऊन तीन दिवस. उत्तम खोट काढतो आहे. मी गाडी घेऊन मळ्यात पोचतो तो हा मोटेच्या धावेवर कमरेवर हात ठेवून उभा. म्हणतो, मोट पहाटेच्या थंडाव्यात चालली पाहिजे, आता ऊन चढल्यावर वाफ्यात टाकलेलं पाणी अर्धं उडून जातं. मी म्हटलं, पाणी काय पाखरू आहे उडून जायला? मग म्हणतो, बैल धापा टाकून राह्यले. टाकू दे! माणसं टाकतात, बैलांनी टाकली तर काय बिघडलं?

बैलांची ओळख लिहून ठेवतो. उजवा वकील, डावा मुनीम. नावं मी ठेवली. वकील काम सुरू करायच्या आधी हजार सबबी सांगतो, मुनीम मान खाली घालून सगळं ओढतो आणि मनात ठेवतो.

४ डिसेंबर, शुक्रवार

दौलतरावाची नोटीस. तोंडीच दिली, पण बेलिफाची सवय, भिंतीकडे तोंड करून मोठ्यानं वाचल्यासारखी. म्हणे मुनीमनं त्याच्या धोतराचा सोगा चघळला. धोतर दोरीवर का वाळत घालावं? बैलाच्या तोंडासमोर लोंबणारी वस्तू बैलानं काय पूजा करून सोडून द्यायची? शिवाय गाडीतल्या मुळ्यांचा वास येतो म्हणे, झोप लागत नाही. मुळा काय अत्तर आहे?

भाडं बैलामागं दोन आणे वाढवलं. दिलं. तोंड वाजवायला मला टाइम नाही.

९ डिसेंबर, बुधवार

बिघाड कुठं आहे ते सापडलं. ऊन कललं की भाजी काढायची ही आपली रीत. पण ऊन कलल्यावर काढून भरून निघालं तर वाशीमला रात्र होते, आणि अंधारात वकील पुलाजवळ थांबतो. म्हणून काल दुपारीच मेथी काढली. सूनबाईनं सांगून पाहिलं की भर उन्हात पालेभाजी काढू नये, देठात जीव राहत नाही. मी म्हटलं, मला मळा शिकवतेस? तुझ्या जन्माआधीपासून मी मेथीत वाढलो.

आज सकाळी जुड्या सोडल्या तर मेथी मान टाकून पडलेली. जशी मेलेली चिमणी. गिरजानं पाणी मारून मारून अर्ध्या किमतीला विकली.

दोष मेथीचा आहे. या वर्षीचं बी बरोबर नाही.

१४ डिसेंबर, सोमवार

आज सर्व्हिस मोटरवाल्या रतनसिंगाशी भांडण झालं. मालेगावहून वाशीमला येणारी मोटर आमच्या गावावरूनच जाते. सकाळी जाऊन-येऊन एक फेरी, संध्याकाळी एक. उत्तम रोज कानाशी भुणभुण करतो की बाबा, बैल मळ्यात ठेवा, तुम्ही मोटरीनं येत जा. बैलांचं भाडं, वाया गेलेली मेथी, सगळं धरलं त माणसाचं तिकीट स्वस्त पडते. म्हटलं, एकदा जाऊन दाखवतो, म्हणजे याचं तोंड बंद होईल.

वाशीमहून बसलो. बरोबर वैरणीचा भारा होता. रतनसिंग म्हणाला, भारा टपावर. टपावर बकऱ्या होत्या. बकऱ्यांनी काय केलं असेल ते लिहायला नको. गावाजवळ उतरलो तेव्हा भाऱ्याचा नुसता दोर उरला. मी रतनसिंगाला भर रस्त्यावर चार शब्द सुनावले. तो स्टिअरिंगवर हनुवटी ठेवून ऐकत राहिला आणि हसत म्हणाला, बुढेबाबा, पुढच्या वेळी वैरणीचं बी टिकीट काढा.

या माणसाच्या गाडीला माझा हात पुन्हा उठणार नाही. बैल ते बैल. बैल निदान हसत नाही.

२० डिसेंबर, रविवार

बाजारचा दिवस. पाहायला गेलो की गिरजाचं कसं चाललंय. ती मेहरुन्निसाच्या शेजारी बसते. मेहरुन्निसा म्हणजे सैफुद्दीन बागवानाची घरवाली. वर्षानुवर्षं आमचा माल सैफुद्दीन घेतो, माणूस सरळ. दोघी बायका एकमेकींच्या टोपलीवर लक्ष ठेवतात आणि गिऱ्हाइकाला अशा गुंडाळतात की ते भोपळा घ्यायला येतं आणि वांगी घेऊन जातं. गिरजानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. बरं आहे. मी शिकवलेलं वाया गेलं नाही.

सैफुद्दीननं मला बाजूला घेऊन चहा पाजला. गोड बोलून म्हणतो, चंपतभाऊ, एक बात बोलू? पोरगी अन् भाभी इथं राहू द्या शाळेजवळ. बैल अन् तुमी मळ्यात. माल जसा येत होता तसा एक दिवसाआड येऊ द्या.

मी चहाचा पेला तसाच खाली ठेवला. अर्धा पिऊन झाला होता. म्हणजे मी घरातून काढून टाकायचा माणूस? मी गेलो तर पोरीच्या अभ्यासाकडे कोण पाहणार? याला काय कळणार, याच्या घरात सगळे हिशेब तोंडी करतात.

२१ डिसेंबर, सोमवार

अभ्यासाचं लिहायचं राहिलं. रोज रात्री मी कौतिकाजवळ बसतो. ती वाचते, मी ऐकतो. एकही चूक माझ्या कानातून सुटत नाही. डोळे मिटून ऐकलं की चूक जास्त कळते, म्हणून मी डोळे मिटतो. गिरजा म्हणते, घोरणं बंद करा, पोरीले ऐकू येत नाही. घोरणं! मी हुंकार देत असतो.

काल तिच्या पुस्तकात नकाशा निघाला. वऱ्हाडात वाशीम दाखवलं आहे, आमचं गाव नाही. मी शाळेत जाऊन तक्रार करणार होतो. कौतिकानं पेन्सिलीनं आमच्या गावाचा ठिपका काढला आणि माझं तोंड बंद केलं. पोरगी जात्याच शांत. माझ्यावर गेली.

२९ डिसेंबर, मंगळवार

नाताळच्या सुटीनंतर आज शाळा. कौतिका पुन्हा उशिरा. नाक्याशी गुरांचा कळप आडवा आला. सीताबाईंनी गिरजाला बोलावून सांगितलं की पोरगी गणितात फार पुढं आहे, वाचनात गोड आहे, पण उशिरा येण्याचं मी किती दिवस झाकू? परीक्षेच्या दिवशी घंटेनंतर आली तर बसवता येणार नाही, वरच्या बाई तपासणीला येणार आहेत, माझ्या हातात नाही.

गिरजानं मला हे सांगितलं आणि म्हणाली, तुळसाबाईची खोली अजून रिकामी हाये. मी म्हटलं, त्या खोलीत बैल मावतात का? ती म्हणाली, नाही. मी म्हटलं, झालं तर मग.

इतकी स्पष्ट गोष्ट तिला पुन्हा पुन्हा समजावून सांगावी लागते.

५ जानेवारी १९३७, मंगळवार

पालकाचा खालचा वाफा जळला. पाणी पोचलंच नाही. उत्तम आज ओरडला माझ्यावर. बापावर! म्हणाला, बैल तुमच्या गाडीत असले की मोटेले जुंपायचं कोणाले, मले का माह्या बायकोले? मग विहिरीच्या काठावर जाऊन बसला. मी त्याच्या शेजारी बसलो नाही. थोडा वेळ बसलो.

वकीलच्या खांद्याला जखम झाली आहे. हळद-तेल लावलं. त्याला सांगितलं की दहा दिवस काढ बापा, पोरीची परीक्षा होऊ दे. त्यानं मान झटकली. सबब सांगतोय.

टाइमटेबलात फरक करणार नाही. नाचता येईना त्यांना अंगण वाकडं लागतं.

१३ जानेवारी, बुधवार

उद्या संक्रांत, शाळेला सुटी. परवा परीक्षा.

उद्या सगळे मळ्यात जाऊन सण करू. तिळाची पोळी, वांग्याचं भरीत, सून वाट पाहते आहे. गिरजा म्हणाली, जाऊ, पण उद्याच सांजच्याला परत येऊ, परवा कर हाय. संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी वाटेला लागू नये, असा आपल्याकडे बायकांचा नियम. मी तिला समजावलं की आता जग बदललं, मोटरी धावतात, पोरी शाळेत जातात, आणि तू अजून कर पाळतेस? बैलांना रात्रभर विसावा मिळेल, परवा पहाटे निघू, घंटेच्या आधी शाळेच्या दारात.

ती म्हणाली, मंग मोटरीनं येऊ परवा. मी म्हटलं, रतनसिंगाच्या? माझ्या नातीच्या परीक्षेला बकऱ्यांबरोबर?

विषय संपला.

१५ जानेवारी, शुक्रवार. दुपार

मळ्याच्या रस्त्यावरून लिहितो आहे. म्हणजे मळ्यात पोचून. दौत एकदा सांडली. रागानं.

पहाटे निघालो. पहिला कोस चांगला गेला. कौतिका पाढे म्हणत होती. उतारावर, निंबाच्या झाडाशी, वकील बसला. जुवाखालीच बसला. उभं राहायचं नाव नाही. मी शेपूट पिळलं, गूळ दाखवला, कानात बोललो, चुचकारलं, मग शिव्या दिल्या, मग पुन्हा चुचकारलं. गिरजानं उतरून पोरीचं दप्तर तेवढं हातात घेतलं. मुनीम उभा, मान खाली, सगळं मनात ठेवून. दिवस वर यायला लागला. कौतिका पाढे म्हणायची थांबली.

तेवढ्यात मागून मोटरीचा आवाज. मी पाठ फिरवली. मला बैलाचं जू सोडायचं होतं, म्हणून फिरवली. गिरजा रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली, डोक्यावरचा पदर सावरत, दोन्ही हात वर. इतक्या वर्षांत या बाईनं कधी रस्त्यात हात वर केला नाही. रतनसिंगानं गाडी थांबवली. खाली उतरून सगळं पाहिलं. हसला नाही. म्हणाला, "आजी, बसा. पोरीले शाळेच्या बोळीपर्यंत सोडतो, गाडी आज बाजारातून नेतो."

कौतिका मोटरीच्या पायरीवर एक पाय ठेवून माझ्याकडे वळली. "आबाजी, मी जाऊ?"

मी तिला जायचा हुकूम दिला. नुसती मान हलवली. मान हलवणं म्हणजे हुकूमच.

मोटर गेली. धूळ खाली बसायला फार वेळ लागला. मी निंबाखाली वकीलजवळ बसलो. त्याला म्हटलं, लेका, आजच? त्यानं डोळे मिटले. त्याच्या खांद्याला हात लावला तर जखम केवढी वाढली होती. मला कोणी सांगितलं नाही. सगळे स्वतःचं स्वतः पाहतात या घरात.

ऊन तापल्यावर तो आपला आपण उठला. आणि तोंड कुठं केलं? वाशीमकडे नाही, मळ्याकडे. मी गाडी फिरवली. परीक्षेला उशीर झाला असेल तर दोष कर दिवसाचा. कर असते हे गिरजानं नीट बजावून सांगायला हवं होतं.

१६ जानेवारी, शनिवार

निरोप नाही. पोचली की नाही, बसवली की नाही, काही नाही. उत्तमला म्हटलं, जाऊन ये. तो म्हणाला, बैलाले हळद लावून राह्यलो. सासऱ्याचा माणूसही आला आज किन्हीराजाहून, निकाल विचारायला. मी त्याला पाणीही विचारलं नाही. सुनेनं गूळपाणी दिलं.

दोन वेळा रस्त्यावर जाऊन आलो. भाजी पाहायला.

१७ जानेवारी, रविवार

गिरजा आली. सकाळच्या मोटरीनं, पोरीला मेहरुन्निसाजवळ ठेवून. हातात पेढ्याचा पुडा होता, तेव्हाच कळलं.

मोटर घंटेच्या आधी पोचली. कौतिका पास. पहिली. नाव पक्कं केलं. वरच्या बाईंनी तिला जवळ घेऊन विचारलं, घरी तुझा अभ्यास कोण घेतं? ती म्हणाली, आबाजी रात्री जवळ बसतात. एवढंच म्हणाली. घोरण्याचं काही बोलली नाही.

मी पेढा तोंडात टाकला आणि बाहेर जाऊन विहिरीत डोकावलो. विहिरीचं पाणी किती खाली गेलंय ते पाहत होतो. बराच वेळ पाहावं लागलं.

कालपासून मुक्काम ठोकलेल्या सासऱ्याच्या माणसाला उत्तमनंच सांगून टाकलं की सोयरीक नको, पोरगी शिकते आहे. माझ्याकडे न बघता सांगितलं, पण मी मागं उभा होतो, म्हणून बोलू शकला.

मग गिरजानं पुढचं सांगितलं. तुळसाबाईची खोली तिनं काल घेतली. सामान सैफुद्दीनच्या हातगाडीवरून गेलंसुद्धा. दौलतरावाचं भाडं चुकतं केलं, बैलांचं धरून. आता उत्तम एक दिवसाआड भाजी घेऊन जाईल, बाकी बैल मोटेवर. भाजी ती आणि मेहरुन्निसा विकतील. कौतिका घंटा ऐकून घरातून निघेल.

मी विचारलं, आणि मी?

ती म्हणाली, "तुमी बैलाजवळ."

मी तिला सांगितलं की मनातून माझाही हाच विचार होता, फक्त तुमची परीक्षा पाहत होतो. तिनं आणखी एक पेढा दिला.

२२ जानेवारी, शुक्रवार

मोट पहाटे चालते. पालकाचा जळका वाफा उपटून नवा पेरला. वकीलची जखम सुकली, आता धावेवर असा चालतो जणू त्याच्याच बापाची विहीर. मेथीचं बी चांगलं निघालं. शेवटी पाण्याचीच गोष्ट होती, हे मी पहिल्यापासून म्हणत होतो.

रात्री जवळ कोणी वाचत नाही. झोप लवकर लागते. लागायला हवी, पण लागत नाही. शेजारच्या शेतात कोल्हे ओरडतात. त्यांना कोणी काही म्हणत नाही.

ठरवलं आहे: सोमवारी वाशीमला जाऊन अभ्यास तपासायचा. अर्जंट.

२५ जानेवारी, सोमवार

गेलो. रतनसिंगाच्या मोटरीनं. त्यानं पुढं, स्वतःच्या शेजारी बसवलं. बोललो नाही. पुलाजवळ एकदा हवेबद्दल बोललो.

शाळेत पोचलो तेव्हा वर्ग चालू होते. खिडकीतून आवाज आला, वाचणारी कौतिकाच होती. लांब वाक्य, एका दमात, कुठं अडखळली नाही. रस्त्यावर उभं राहून ऐकलं. सीताबाई बाहेर आल्या. मी ओळख दिली. त्या अदबीनं म्हणाल्या की मुलींच्या शाळेसमोर पुरुष माणसांनी उभं राहू नये, असा नियम आहे. मी म्हटलं, मी आजा आहे. त्या म्हणाल्या, आजेही. नियम चांगला आहे. पण माझ्यासाठी नको होता.

बाजारात गेलो. गिरजासमोर गिऱ्हाइकांची रांग. तिनं माझ्या हातात सांबाराच्या हिरव्या जुड्यांची टोपली दिली, म्हणाली, धरा जरा. धरून उभा राहिलो. एक गिऱ्हाईक मला भाव विचारू लागलं, तर मेहरुन्निसा त्याला म्हणाली, त्यांना नका विचारू, ते मळ्यातले आहेत.

मधल्या सुटीत कौतिका धावत आली. वाढली आहे. दहा दिवसांत कोणी इतकं वाढतं का? मी पुस्तक मागितलं, म्हटलं, वाच, ऐकतो. तिनं माझ्या टोपीवरचं गवत काढलं आणि म्हणाली, "आबाजी, रविवारी या ना. आज लय अभ्यास हाये." आणि पळाली.

गिरजा म्हणाली, रविवारीच येत जा, आठवड्यात आले की पोरीचं चित्त उडते.

संध्याकाळच्या मोटरीनं परत आलो. बैलांना वैरण टाकली. उत्तमला सांगितलं, अभ्यास समाधानकारक.

रविवार फार लांब आहे. ज्यानं कोणी त्याला आठवड्याच्या अगदी टोकाला नेऊन बांधलंय, तो माणूस मला एकदा भेटला पाहिजे.